दगडूचा दत्तात्रय, नकुशीची ऐश्वर्या

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास आमच्या माण-खटावात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. तलाठ्याकडची, शाळेतली जुनी दप्तरं बाहेर आली. आमच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर, पुठ्ठा निखळलेलं, वाळवीनं कडा खाल्लेलं, हेडमास्तरांनी टेबलावर आणून ठेवलं आणि ज्याला त्याला आपल्या आज्या-पणज्याची नोंद शोधायची घाई झाली. लोक जातीचा रकाना बघत होते. मी शेजारचा नावांचा रकाना वाचत बसलो. दोन दुपारी त्यात गेल्या. मी शाळा समितीवर असल्यामुळं मला कुणी उठ म्हटलं नाही.

पहिल्या पानांवरची नावं बघा. दगडू, धोंडी, केरू, उकिरडा, भिकू, चिंधू, कोंडी, नथू. आजची पोरं वाचतील तर म्हणतील, आईबापांचा ह्या पोरांवर राग होता का काय. खरं तर उलटं होतं. पोरं जगत नव्हती. देवीची साथ, पटकी, प्लेग, गोवर, काही ना काही येऊन पाळणे रिकामे करून जायचं. दोन-तीन गेल्यावर जे व्हायचं त्याला चांगलं नाव द्यायची छाती होत नसे. यमाला वाटावं, हे काय न्यायच्या लायकीचं नाही. म्हणून पोराला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि उचलून आणायचं, तो उकिरडा. केरात ठेवला तो केरू. पाच घरं भीक मागून अंगडं शिवलं तो भिकू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घातली, मुलगी आहे असं भासवलं, तो नथू. पिराला नवस बोलून झाला तो फकीरा, मग घर हिंदू का असंना. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' कादंबरी १९५९ साली आली तेव्हा शहरातल्या वाचकाला ते नाव नवं वाटलं असंल, आमच्याकडं दर दोन गावांत एक फकीरा होता. अण्णाभाऊंचं स्वतःचं पाळण्यातलं नाव तुकाराम.

दुसरी नावं देवाची. आमच्याकडं तर नावावरून माणूस कुठल्या बाजूचा ते सांगता यायचं. म्हसवडच्या अंगाला नाथा आणि सिद्धू, कारण तिथं सिद्धनाथ. शिखर शिंगणापूरच्या पायथ्याला शंभू, महादू, पार्वती. औंधाकडं यमाबाई. पालीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरांत खंडू, मल्हारी, बानू, म्हाळसा. ज्या घरात माळ आहे तिथं निवृत्ती, ज्ञानू, सोपान, मुक्ता अशी सगळी आळंदीच पाळण्यात घातलेली. उरलेल्यांना वार पुरायचे. सोमवारी झाला सोमा, मंगळवारी मंगळ्या, बुधवारी बुधा. नाव शोधायला कुणी बसत नव्हतं. बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्याशी वाकून कुर्रर्र केलं, पाठीत चार धपाटे खाल्ले, झालं.

रजिस्टर चाळताना एक गंमत ध्यानात आली. १९५० च्या पुढं दगडू एकाएकी कमी होतात आणि दत्तात्रय वाढतात. आधी मला वाटलं लोकांची दत्तभक्ती वाढली. मग उलगडा झाला. गुरुजी! पोरगं शाळेत घालायला बाप यायचा, "दगडू" म्हणायचा. गुरुजी दौतीत टाक बुडवता बुडवता म्हणायचे, "दगडू कसलं रे, दत्तात्रय लिहितो." बाप म्हणायचा, "ल्ह्या की, तुमाला कळतंय." भिकूचा भीमराव झाला, बाळूचा बाळासाहेब, धोंडूचा ज्ञानदेव. जन्मतारीख विचारली तर बाप सांगणार, "मोट्या पावसाच्या वर्सी, गवरी-गणपतीच्या आगंमागं." गुरुजी १ जून लिहायचे. आमच्या गावातली निम्मी पिढी १ जूनला जन्मली आहे. आता मोबाईलवर त्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस एकदम येतात आणि कुणाकुणाला शुभेच्छा द्यायच्या तेच कळत नाही.

त्यामुळं नावं सिनेमानं बिघडवली असं जे पारावर बोललं जातं ते मला पटत नाही. पहिला हात गुरुजींचा. ह्यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. पाटलाच्या पोराला शिवाजीराव आणि गड्याच्या पोराला शिव्या, हे हजेरी घेताना चालायचं नाही. हजेरीत पूर्ण नाव. शाळा सुटली की परत शिव्या, ते वेगळं.

नावाचा खरा बदल, कारण असलेला बदल, आमच्या गावात एका वस्तीनं केला. तिला तेव्हा महारवाडा म्हणायचे. त्या वस्तीतल्या जुन्या माणसांची नावं रजिस्टरच्याही आधीच्या कागदात 'नाक' लावून येतात, रामनाक, सिदनाक अशी. कोरेगाव भीमाच्या खांबावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावं आहेत त्यांतही असे नाक आहेत. पुढं पुढं ते गेलं आणि नुसता राम्या, सिद्या उरला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत रजिस्टरमध्ये त्या वस्तीचं पान ओळखूच येत नाही. गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, अशोक, सुजाता, यशोधरा. माझ्या वर्गात मिलिंद होता. आमच्या एका गुरुजींना ते नाव बोलायला अवघड जायचं, ते त्याला मिलन म्हणायचे. तो दर वेळी उभा राहून "मिलिंद" म्हणून दुरुस्त करायचा आणि मगच हजर बोलायचा. चौथीतलं पोर. मला त्या वेळी तो हट्टी वाटायचा. पुढं वाचलं तेव्हा कळलं, मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्यानं नागसेन नावाच्या भिक्खूला प्रश्न विचारले त्याचा ग्रंथ आहे, आणि औरंगाबादच्या कॉलेजला बाबासाहेबांच्या काळापासून तेच नाव आहे. माणच्या माळावर ग्रीक राजाचं नाव आणि गावाला पत्ता नाही!

पुढं १९९० ला 'आशिकी'तला राहुल रॉय आला, १९९७-९८ ला शाहरुख खान 'दिल तो पागल है' आणि 'कुछ कुछ होता है' मध्ये राहुल झाला, आणि राहुल हे नाव गावात घरोघर गेलं. ज्यांच्या आज्यानं बौद्धवस्तीतल्या राहुलला नाव घेऊन हाक मारली नसती त्यांच्या घरात राहुल नांदायला लागला. बुद्धाच्या मुलाचं नाव आहे हे कुणी सांगितलं असतं तर काहींनी बदललंही असतं. सिनेमाचं म्हणून चाललं. सिनेमाचा हा उपकार कुणी मोजत नाही.

आता बायकांच्या नावाकडं येतो, कारण मला खरं ह्याच्याबद्दल लिहायचं आहे.

रजिस्टरच्या पहिल्या कितीतरी पानांत मुलगीच नाही. आहेत त्या एक-दोन, तिसरीत नाव काढलेल्या. शेऱ्याच्या रकान्यात 'घरकामासाठी'. बायकांना नाव होतं, पण ते वापरात नव्हतं. माझी आजी कुणाची तरी आई होती, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी चुलती. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, फक्त उखाण्यात गुंफून घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नवराही बायकोचं नाव घेत नसे हे कुणी बोलत नाही. आजोबा आजीला "अगं ए" म्हणायचे, आणि लांब असली तर "कोन हाय का घरात?" असं भिंतीला विचारायचे.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. गावाच्या वर नालाबंडिंगचं काम आणि रस्त्यावर खडी फोडायचं काम चालू होतं. आई, चुलत्या, आत्या सगळ्या जायच्या. सुकडी मिळायची म्हणून आम्ही पोरंही मागं. संध्याकाळी कारकून मस्टर काढून हजेरी घ्यायचा. "धोंडाबाई! गंगूबाई! सोनाबाई!" आणि एकेक बाई पदर सावरत "हाय" म्हणायची. माझ्या आईचं नाव मोठ्यानं, चारचौघांत, परक्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. आईलाही ते नवं असावं. पहिल्या दिवशी तिनं ओ दिलीच नाही. शेजारच्या बाईनं कोपर मारलं, "अगं, तुलाच हाळी मारतोय त्यो."

आणि ते नावही तिचं नव्हतं. माहेरी ती चंद्रभागा. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं 'लक्ष्मी' लिहिलं आणि चंद्रभागा संपली. आमच्याकडं सून म्हणजे लक्ष्मी, म्हणून नाव लक्ष्मी, रुक्मिणी नाहीतर जावेच्या नावाला जुळणारं काहीतरी. चौदा-पंधरा वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक एका दुपारी बंद. बैलाचं नाव विकल्यावरही नवा धनी बदलत नाही, कारण बैल ओळखत नाही मग. सर्जा हा सर्जाच राहतो.

अशा गावात बायकांना दुसरं नाव कुठून कळणार? रेडिओवरनं कळलं. आमच्या वाड्यात एक मर्फीचा रेडिओ होता. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. गाण्याआधी ज्यांनी ज्यांनी पत्रं पाठवली त्यांची नावं वाचायचे, गावासकट. आमच्या बायका गाण्यापेक्षा ती नावं कान देऊन ऐकायच्या. सुनीता, अनिता, संगीता, सुरेखा, माधुरी. कुठल्या कुठल्या गावातल्या पोरी, कधी न बघितलेल्या, आणि त्यांचं नाव रेडिओत! आमच्या गावात १९६५ ते ८० मध्ये ज्या सुनीता-संगीता झाल्या त्या कुठल्या नटीवरनं नव्हे, ह्या यादीवरनं झाल्या असा माझा अंदाज आहे. आणि लता, आशा, उषा, मीना तर चार बहिणी एका रांगेत. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा होतं. वडिलांच्या 'भावबंधन' नाटकात लतिका नावाचं पात्र, त्यावरून त्यांची लता झाली. म्हणजे लता हे नावच मुळात नाटकातनं आलेलं. आमच्या मालन-सुमनच्या पिढीला हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं. नाटक-सिनेमावरनं नाव ठेवलं की त्या नाकं मुरडायच्या.

जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, म्हसवडच्या रथाला. खाली धुरळ्यात बसायचं, मध्ये एक कनात, अलीकडं बाया, पलीकडं बापय. रीळ तुटलं की शिट्ट्या. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, पण आमच्या तंबूत तो पंधरा वर्षांनीही नवाच असायचा. १९७१ ला दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. त्यातल्या वेड्याबागड्या हिरोचं नाव नाम्या. आपल्या गावातलं नाव पडद्यावर बघून माणसं हरखून गेली, पण पोराचं नाव नाम्या कुणी ठेवलं नाही. सिनेमात आपण दिसावं असं माणसाला वाटतं, पोरानं मात्र आपल्यासारखं दिसू नये. त्यासाठी हिंदी सिनेमा. 'जंजीर', 'दीवार', 'त्रिशूल', 'काला पत्थर', सगळीकडं अमिताभ विजय. आमच्याकडं अमिताभ एकही नाही, विजय मोजताना दमाल. प्राण कुणी ठेवलं नाही. गब्बर आमच्या मामाच्या बोकडाचं नाव होतं, आणि तो होताही तसाच. १९७५ ला 'जय संतोषी माँ' आला तेव्हा तर तंबूबाहेर चपला काढून बाया आत गेल्या, शुक्रवार धरले, आणि दोन वर्षांत गावात तीन संतोषी. इथं देव आधी आणि नाव नंतर की सिनेमा आधी, सांगणं अवघड आहे.

ह्या सगळ्यात माझी चुलत बहीण वाढली. चुलत्याला लागोपाठ तीन मुली. तिसरीचं नाव नकुसा ठेवलं. नको असलेली. असं नाव ठेवलं की देवाला कळतं आणि पुढं मुलगा होतो अशी समजूत. तिच्या पाठीवर मुलगा झाला. झालं, नाव लागू पडलं म्हणून भावकीतल्या आणखी दोन घरांनी उचललं. दगडू आणि नकुसा ह्या दोन नावांत लोक फरक करत नाहीत, दोन्ही जुनाट, दोन्ही अडाणी म्हणतात. फरक आहे. दगडूचं नाव वाईट ठेवलं तो जगावा म्हणून. नकुसाचं ठेवलं ते तिच्यासाठी नव्हतंच, तिच्या पाठीवरच्यासाठी होतं.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हुशार, चौथीपर्यंत शिकलेली. कासार बांगड्या भरायला आला आणि नाव विचारलं की ती आत पळायची. १९७६ च्या म्हसवडच्या यात्रेत आम्ही सगळी बैलगाडीनं गेलो. तिथं मशीननं गोंदणारे बसलेले असतात. बायका हनुवटीवर टिंब, हातावर तुळस, नाहीतर आपलं नाव गोंदून घेतात. ती थोड्या वेळानं आली तर डाव्या मनगटाच्या वर सुजलेलं, हिरवं, 'लता'. चुलतीनं विचारलं, "कुनाचं नाव गोंदलंस गं रांडं?" ती म्हणाली, "माजं." चुलतीनं दोन ठेवून दिल्या. पण गोंदलेलं पुसत नाही. त्याच सालात आम्ही पोरांनी वडूजला 'दीवार' बघितला होता, त्यात विजयच्या हातावर लोक बळंच गोंदतात. मला ते आठवलं. हिनं पदरच्या चार आण्यांनी गोंदून घेतलं होतं.

गावानं तिला लता म्हटलं नाही. पण मी म्हणायला लागलो, माझ्या बहिणी म्हणायला लागल्या. १९८० ला तिचं लग्न झालं, सासरी ताटात तांदूळ पसरले, अंगठी फिरली, लक्ष्मी.

सिनेमाची नावं ठेवणाऱ्यांना मी हसत नाही ते ह्यामुळं. सिनेमातलं नाव कुणाच्या मरणाच्या भीतीनं ठेवलेलं नसतं. त्यातनं जात कळत नाही, वार कळत नाही, आधी किती गेले ते कळत नाही, पुढं कोण हवा आहे तेही कळत नाही. आणि ते बहुतेक वेळा आईनं ठेवलेलं असतं. आत्या कुर्रर्र करते, पण कानात काय सांगायचं ते आईनं आधीच ठरवलेलं असतं. १९८१ च्या 'एक दूजे के लिए' नंतरच्या सपना, 'मैंने प्यार किया'च्या वेळचे प्रेम, काजोलच्या अंजली, ही नावं ठेवणारी बाई दिवसभर खुरपत होती आणि तिला तीन तास दुसरं काहीतरी दिसलं होतं.

सचिनचं सांगायचं राहिलं. १९८९ च्या नोव्हेंबरात तेंडुलकर कराचीत पहिला कसोटी सामना खेळला आणि पुढची दहा-बारा वर्षं पहिलीच्या वर्गात तीन-तीन सचिन. गुरुजी आडनावावरनं भागवायचे. आता हे नाव त्याच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकरांनी, संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. गाण्यावरून नाव क्रिकेटात, क्रिकेटातनं आमच्या ज्वारीच्या रानात. बंगालचं नाव आहे हे आमच्या सचिनांना सांगितलं की ते म्हणतात, "आबा, कायबी सांगू नगा."

२०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. जिल्ह्यात नकुसा, नकुशी नावाच्या मुली शोधून काढल्या होत्या. २८५ निघाल्या. त्या सगळ्यांना नवी नावं दिली, नवं नाव लिहिलेली प्रमाणपत्रं दिली. त्या वर्षाच्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली नऊशेच्याही आत आल्या होत्या. बाहेरच्या देशांतल्या पेपरांत बातमी गेली. २८५! म्हणजे माझ्या बहिणीनंतर पस्तीस वर्षांनीही पोरींना तेच नाव ठेवत होते, सोनोग्राफीच्या काळात. नाव बदलताना मुलींना विचारलं होतं. कुणी सावित्री घेतलं, कुणी वैशाली, आणि कुणी कुणी ऐश्वर्या. ऐश्वर्या रायवरनं. ती बातमी पारावर वाचली तेव्हा एक जण हसला, म्हणाला, "नकुशीची डायरेक ऐश्वर्या!" मला हसू आलं नाही. जिचं नाव आयुष्यभर 'नको' होतं तिनं गावातल्या कुणाच्या आजीचं नाव का घ्यावं? तिनं टीव्हीतलं सगळ्यात देखणं नाव घेतलं, बरोबर केलं.

सिंधुताई सपकाळांना लहानपणी चिंधी म्हणायचे. त्याही नको असताना झालेल्या. 'जैत रे जैत' मध्ये स्मिता पाटील चिंधीच आहे. १९७७ चा सिनेमा, पण तिथं ते नाव टाकाऊ वाटत नाही, स्मितानं ते असं मिरवलं आहे. तेवढं एक नाव सिनेमानं उलट्या दिशेनं धुऊन दिलं. 'फँड्री'त जब्याच्या बापाचं नाव कचरू आहे. शहरातल्या एका ओळखीच्या बाईंना ते मुद्दाम ठेवलेलं वाटलं होतं. मी म्हटलं, आमच्या रजिस्टरमध्ये चार आहेत.

२०१४ ला चुलता गेला. वारस नोंद लावायची वेळ आली. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतका वाटा, हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे, आणि बहिणींची हक्कसोडपत्रं करून घ्यायची घाईही तेवढीच. वारसाच्या अर्जावर नाव नकुसा. आधार कार्डावर लक्ष्मी. तलाठी म्हणाले, "ह्या दोन बाया का एक?" म्हटलं एकच. म्हणाले, "शंभरच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र आणा." तहसीलबाहेर झाडाखाली जो स्टँप लिहितो त्याच्यापुढं आम्ही बसलो. त्यानं सराईतपणे लिहिलं, नकुसा अमुक अमुक व लक्ष्मी अमुक अमुक ही एकच व्यक्ती असून. दिवसाला असे पाच-सहा लिहितो म्हणाला, सगळे बायकांचेच. पुढं पीएम-किसानचे दोन-दोन हजार यायला लागले तेव्हा दगडू ऊर्फ दत्तात्रयांचीही रांग लागली, पण त्या वेळी बायकाच होत्या.

बहीण म्हणाली, "त्यात लता बी लिवा."

तो म्हणाला, "मावशी, त्याला पुरावा काय?"

तिनं बांगड्या वर सारून मनगट टेबलावर ठेवलं. हिरवा रंग काळपट झाला होता, अक्षरं पसरली होती, पण वाचता येत होतं. तो ते बघत राहिला. मग म्हणाला, "ह्याला झेरॉक्स न्हाय निघत मावशी," आणि पुढचा कागद ओढला. हक्कसोडावर मात्र तिनं सही केली नाही. भावानं दोन वर्षं तोंड पाडलं. आता सातबाऱ्यावर तिचं नाव आहे, नकुसा. ज्या पाठच्यासाठी ते नाव ठेवलं त्याच्या नावाखालीच, एकाच रानात.

हल्लीची नावं शिवांश, रियांश, आरव, शिवन्या. मोबाईलवर शोधून काढतात, अर्थ विचारला की परत मोबाईल बघतात. ती मला आवडत नाहीत, खोटं कशाला बोलू. ती सगळी एकाच साच्यातनं काढलेल्या विटांसारखी लागतात. शिवाजी, संभाजी, तानाजी ह्या सरळ नावांना एवढी काय वाळवी लागली होती? आता मालिकेमुळं, सिनेमामुळं शंभूराज, शिवराज पुन्हा दिसतात ते त्यातल्या त्यात बरं. एक नवं नाव मात्र मला फार आवडतं, ओवी. जात्यावर बसून रात्र सरायच्या आत पायली दळणाऱ्या बाईला कुणी सांगितलं असतं की तुझ्या तोंडातलं हे एक दिवस पणतीचं नाव होणार आहे, तर ती जातं थांबवून हसली असती. नागराज मंजुळे आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला, करमाळ्याकडचा. त्याचा 'सैराट' २०१६ ला आला आणि कॉलेजातली पोरं एकमेकांना परश्या, सल्या म्हणून मिरवायला लागली. जे शेवटचं 'या' काढायला गुरुजींनी टाक झिजवला ते पोरांनी हौसेनं परत लावून घेतलं. अर्चनाची आर्ची आणि प्रशांतचा परश्या, कुणाच्या नावाला कुठली शेपटी, हे मात्र त्या सिनेमानं बरोबर पकडलं आहे.

बहिणीच्या मुलाचं लग्न होताना घरात वाद झाला. मुलाकडच्या म्हाताऱ्यांना तांदळाचं ताट पाहिजे होतं. बहीण मधे आली. म्हणाली, "तिचं नाव हाय की. परत कशाला?" ताट आलं, तांदूळ पसरले, आणि नवऱ्यानं अंगठीनं मुलीचं जे नाव होतं तेच लिहिलं. फोटोवाल्याचं काम झालं, म्हाताऱ्यांचंही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचा सरकारी निर्णय झाला. त्या पावसाळ्यात बहिणीला नात झाली. ओवी नाव ठेवलं. जन्माची नोंद करायला सून, बहीण आणि मी ग्रामपंचायतीत गेलो. बाळ बहिणीच्या डाव्या हातावर झोपलेलं. ग्रामसेवकानं नाव लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "आईचं नाव माहेरचं लिहू का सासरचं?"

सून म्हणाली, "एकच हाय."